परड्यातील माती भाजीसाठी कशी तयार करावी: वाफसा आणि कामांचा क्रम

बेळगाव परिसरात परड्यातील भाजीचा हंगाम बहुधा एकाच पद्धतीने बिघडतो. मे महिन्यात वळिवाचे दोन पाऊस झाले की टेम्पोभर तांबडी माती आणि ओळखीच्या गोठ्यातील शेण आणले जाते, ओल्या जमिनीतच कुदळ चालते, सगळे एका दिवसात कालवून आठवड्याच्या आत वांगी-मिरचीची रोपे लावली जातात आणि ऑगस्टपर्यंत ती पिवळी पडून खुरटतात. मग दोष रोपवाटिकेला दिला जातो. प्रत्यक्षात वापरलेल्या वस्तूंपैकी बहुतेक चांगल्याच असतात; त्या चुकीच्या वेळी आणि चुकीच्या क्रमाने मातीत गेलेल्या असतात. म्हणून या लेखात कोणते काम कशाच्या आधी करावे आणि कोणत्या खुणेवरून पुढे जावे, यावर भर दिला आहे.

पुढील सर्व प्रमाणे १०० चौरस फुटांसाठी, म्हणजे दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद जागेसाठी आहेत. संपूर्ण तयारीला आठ ते दहा आठवडे लागतात. मृगाच्या सुमारास लागवड करायची असेल तर मार्चअखेर सुरुवात करावी. मे उजाडला असेल आणि अजून काहीच झाले नसेल, तर पावसाळी भाजीचा हट्ट सोडून ऑक्टोबरच्या लागवडीचे नियोजन करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१. आपली माती कोणती, हे आधी ठरवावे

बेळगाव जिल्ह्यात तीस-चाळीस किलोमीटरवर माती पूर्ण बदलते. खानापूर तालुका आणि बेळगावचा पश्चिम भाग, म्हणजे उचगाव, तुरमुरी, बेळगुंदी या बाजूला तांबडी, जांभ्यापासून झालेली माती आहे. तिच्यातून पाणी लवकर निघून जाते आणि पाण्याबरोबर अन्नद्रव्येही वाहून जातात. शहापूर, वडगाव, येळ्ळूर या भातपट्ट्यात आणि पूर्वेकडे बैलहोंगल, सौंदत्ती, ईशान्येला अथणीकडे काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी माती आढळते. शहरातील नव्या वसाहतींमध्ये तिसराच प्रकार असतो: पाया खणताना निघालेला मुरूम, विटांचे तुकडे आणि वर पसरलेली चार इंच विकतची माती. शेजाऱ्याचा सल्ला घेण्यापूर्वी त्याची माती आपल्यासारखीच आहे का, हे पाहावे, कारण तांबड्या मातीचा उपाय काळ्या मातीत अनेकदा उलटतो.

घरच्या घरी तीन चाचण्या करता येतात. पहिली चकलीची. मूठभर माती पाणी घालून कणकेसारखी मळावी आणि तिची करंगळीएवढी सुरळी वळावी. सुरळी वळतच नसेल तर माती वाळूसर आहे. सुरळी होते पण गोल वळवताना तडकते, तर मध्यम आहे. चकलीसारखे पूर्ण कडे न तडकता झाले, तर ती भारी चिकणमाती आहे. दुसरी चाचणी बरणीची. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वरपर्यंत पाणी आणि चिमूटभर कपड्याचा साबणचुरा घालून बरणी जोरात हलवावी व ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ सुमारे दोन तासांत बसतो आणि चिकण कण बसायला एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो. थरांची जाडी पट्टीने मोजली की अंदाज येतो. तिसरी चाचणी व्हिनेगरची. कोरड्या मातीवर चार थेंब टाकल्यावर फसफसले तर मातीत चुनखडी आहे, आणि अशा मातीत पुढे चुना किंवा राख कधीही घालू नये.

२. पाणी मुरते का, हे पाहावे

एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून तो पाण्याने भरावा. ते पाणी पूर्ण जिरू द्यावे, पुन्हा भरावा आणि आता पातळी तासाला किती उतरते ते मोजावे. तासाला एक ते दोन इंच उतरणे भाजीसाठी उत्तम. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरत असेल तर पावसाळ्यात मुळे गुदमरतील. तेथे उंच वाफ्याला पर्याय नाही. पाणी पाहता पाहता नाहीसे होत असेल, तर सेंद्रिय खत अधिक आणि ते दोन-तीन हप्त्यांत द्यावे लागेल.

ही चाचणी पहिल्याच भरण्यावर आटोपणे ही नेहमीची चूक आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांतून पहिले पाणी झरझर उतरते आणि निचरा चांगला असल्याचा भास होतो.

३. नमुना काढून तपासणी करावी

सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचा आकडा) आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्या-खतातून मातीत आलेला कार्बन) हे दोन आकडे अंदाजाने कळत नाहीत. जागेवर नागमोडी फिरत सहा ते आठ ठिकाणी वरचे गवत बाजूला करून सहा इंच खोल, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा काप घ्यावा आणि त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडावी. ती प्लास्टिकच्या बादलीत गोळा करावी. गंजलेले किंवा जस्ताचा मुलामा असलेले घमेले वापरल्यास सूक्ष्म अन्नद्रव्यांचे आकडे चुकतात. सावलीत वाळवून, चाळून, मातीचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. गायरीजवळ (शेणखताच्या खड्ड्याजवळ), झाडाखाली, बांधालगत किंवा नुकतेच खत टाकलेल्या ठिकाणी नमुना घेऊ नये.

शेतजमिनीचा नमुना आपल्या होबळीतील (तालुक्यातील महसुली विभागातील) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात, द्यावा. घराच्या परड्यासाठी धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे शुल्क भरून तपासणी होईल का, याची विचारणा करावी.

मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात आणि आपल्याकडे ती कन्नडमध्ये हाती येते. पत्रिका आली, पण वाचता आली नाही म्हणून कपाटात गेली, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. कोणाकडून तरी कन्नड अक्षरे वाचून घ्यावीत आणि हे शब्द कानाशी ठेवावेत: ‘रससार’ म्हणजे सामू, ‘लवणांश’ म्हणजे क्षारांचे प्रमाण, ‘सावयव इंगाल’ म्हणजे सेंद्रिय कर्ब, ‘सारजनक’ म्हणजे नत्र (नायट्रोजन), ‘सतु’ म्हणजे जस्त. ‘रंजक’ या शब्दाने मराठी माणूस हमखास फसतो. तो स्फुरद (फॉस्फरस) आहे. ‘कडिमे’ म्हणजे कमी आणि ‘हेच्चु’ म्हणजे जास्त. गंधक दोन्हीकडे गंधकच.

भाजीसाठी सामू ६ ते ७.५ या दरम्यान असावा. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी असेल तर तो कमी धरतात, ०.७५ च्या वर असेल तर समाधान मानावे.

तपासावे: सामूचा आकडा हातात आल्याशिवाय सहाव्या टप्प्यातील काहीही विकत घेऊ नये.

४. जागा स्वच्छ करावी, पण तण तोडू नये

नव्या घराच्या परड्यातून सिमेंटचे ढेकूळ, गिलाव्याचे तुकडे, चुन्याचा राडा आणि रंगाचे डबे पहिल्यांदा बाहेर काढावेत. सिमेंट आणि गिलावा मातीचा सामू वर चढवतात, आणि भिंतीलगतच्या दोन फुटांतील भाजी नेहमी पिवळी का राहते, याचे उत्तर बहुधा तेथेच सापडते. भिंतीला चिकटून वाफा करू नये.

लव्हाळा आणि हरळी ही दोन तणे कुदळीने तोडली की वाढतात. लव्हाळ्याच्या जमिनीखाली माळेसारख्या गाठी असतात आणि तुटलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र रोप होते; हरळीच्या प्रत्येक पेराचेही तसेच. म्हणून एप्रिलमध्ये, माती पूर्ण कोरडी असताना, टिकावाने जमीन सैल करून गाठी आणि मुळ्या हाताने व दाताळ्याने वेचून काढाव्यात, वेचलेले उन्हात पसरून खडखडीत वाळवावे आणि मगच टाकावे. ते गायरीत टाकू नये. पुढच्या वर्षी खताबरोबर सगळे परत येते. एका वर्षात लव्हाळा संपत नाही, पण कोरड्यात दोन वेळा वेचल्यास भाजीला श्वास घेता येईल इतका कमी होतो.

मागील वर्षी वांगी किंवा टोमॅटो उभ्या उभ्या मरून गेले असतील, तर याच टप्प्यावर मातीला ऊन द्यावे. जमीन सपाट करून पाणी द्यावे, पारदर्शक पातळ प्लास्टिक मातीला चिकटून पसरावे, कडा मातीत गाडाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. काळे प्लास्टिक येथे चालत नाही, कारण ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही. वळिवाने आभाळ भरून येण्याआधी, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, हे काम सुरू झाले पाहिजे.

५. वाफसा पाहूनच खणावे

सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यावर होते, म्हणून येथे थोडे थांबतो.

वाफसा म्हणजे माती ओलीही नाही आणि कोरडीही नाही, अशी स्थिती. कणांमध्ये पाणी आहे आणि हवाही आहे. अशा वेळी खणलेली माती आपोआप रव्यासारखी सुटते. ओल्या चिकण मातीत कुदळ मारली की तिचे कण एकमेकांवर घासून लेप तयार होतो, मधली हवेची पोकळी बंद होते आणि तो गोळा वाळला की विटेसारखा टणक होतो. त्यानंतर कितीही खत घातले तरी त्या ढेकळात मूळ शिरत नाही.

मी स्वतः एका वर्षी रोहिणीच्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी वडगावच्या काळ्या परड्यात खोरे घेऊन उतरलो होतो. प्रत्येक घावाला खोऱ्याला दोन किलो माती चिकटून वर येत होती, ती मी काठीने खरवडून काढत होतो आणि कापलेल्या मातीचा पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखा चकाकत होता. शेजारच्या काकी कुंपणावरून म्हणाल्या, “अरे, मशागत करायलास का चिखल कालवायलास?” मी ऐकले नाही. ती ढेकळे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फुटली नाहीत. चकाकणारा काप ही खूण मात्र त्या दिवसापासून लक्षात राहिली: माती कापल्यावर चकाकली की काम थांबवावे.

वाफसा पाहण्याची पद्धत अशी. वरची माती पाहून ठरवू नये. चार-पाच इंच खालची मूठभर माती घ्यावी आणि दाबून गोळा करावा. बोटांमधून पाणी किंवा चिखल आला तर ओल जास्त आहे. गोळा झाला तर तो कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. पडून चार-सहा तुकडे होऊन विस्कटला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच बसला तर आणखी थांबावे. मुठीत गोळाच होत नसेल तर माती कोरडी आहे, हलके पाणी देऊन दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावे. तांबड्या मातीत चांगल्या पावसानंतर एक-दोन दिवसांत वाफसा येतो आणि काही दिवस टिकतो. काळ्या मातीत तो चार-सहा दिवसांनी येतो आणि दोन-तीन दिवसांत निघून जातो, त्यामुळे त्या दिवसांत रविवारची वाट पाहून चालत नाही.

काळ्या मातीला आणखी एक संधी असते. एप्रिलमध्ये ती पूर्ण कोरडी असताना टिकावाने मोठी ढेकळे उलथून तशीच उन्हात सोडावीत. ऊन खाऊन तापलेली ढेकळे वळिवाच्या पहिल्या सरीत फुटून विरघळतात आणि पुढच्या वाफशाला फक्त दाताळे फिरवावे लागते. ढेकळे कोरडी असताना घणाने फोडण्याचा खटाटोप करू नये; त्यातून पीठ होते आणि पहिल्या पावसाने त्याची पापडी धरते.

तांबड्या जांभ्याच्या मातीत मात्र उलट वागावे. ही माती उघडी ठेवून उन्हात भाजू दिली की कडक होते, म्हणून तेथे खणल्यानंतर लगेच पालापाचोळा किंवा भाताचे पिंजर पसरावे.

खोली नऊ ते बारा इंच पुरते. वरची सहा इंच माती एका बाजूला काढावी, खालची जागच्या जागी सैल करावी आणि वरची परत वरच घालावी. खालचा मुरूम किंवा फिकट थर वर आला तर त्या वर्षी भाजी पोसत नाही.

सावधान: काळी माती भुसभुशीत व्हावी म्हणून तिच्यात दोन-चार पाट्या वाळू घालू नये. फरक पडण्यासाठी वाळू मातीच्या जवळजवळ निम्मी लागते. त्याहून कमी वाळू चिकणमातीत अडकून मिश्रण अधिकच घट्ट होते. हे पैसे शेणखतावर खर्च करावेत. काळ्या मातीवर तांबड्या मातीचा सहा इंचांचा थर पसरणेही टाळावे, कारण पावसाळ्यात दोन थरांच्या सांध्यावर पाणी तुंबते आणि मुळे तेथेच कुजतात.

६. सामू दुरुस्त करावा, आणि तो खताच्या आधी

सामू ५.५ च्या खाली असेल, जे खानापूरकडच्या पावसाळी भागात सहज आढळते, तर १०० चौरस फुटांना साधारण दोन किलो चुनखडीची पूड द्यावी. पूड मिळत नसेल आणि विरवलेला चुना वापरायचा असेल तर तो अधिक तीव्र असल्याने दीड किलो पुरतो. कळीचा चुना थेट मातीत घालू नये. हात आणि मुळे दोन्ही भाजतात. वारा नसताना, तोंडाला फडके बांधून, चुना चाळणीने समान पसरावा, सहा इंचांपर्यंत मिसळावा आणि ओल राहील असे पाहावे, कारण कोरड्या मातीत चुन्याचे काम होत नाही. एप्रिलअखेर किंवा वळिवाच्या सुरुवातीला चुना दिला की पाऊस उरलेले काम करतो.

चुना आणि खत यांच्यात किमान तीन आठवड्यांचे अंतर हवे. दोन्ही एकत्र पडले की खतातील नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते. वाफ्यावर नाकाला झोंबणारा वास आला, तर आपले नत्र हवेत चालले आहे, असे समजावे.

सामू ६ ते ७.५ असेल तर हा टप्पा सोडून द्यावा. चुना दरवर्षी देण्याची गोष्ट नाही. पुन्हा तपासणी केल्याशिवाय दुसऱ्यांदा देऊ नये. चुलीची राखही सामू वाढवते, त्यामुळे ती तांबड्या मातीत थोडी चालते, काळ्या मातीत ओतण्याची सवय मोडावी.

घटप्रभा आणि कृष्णेच्या पाण्यावर भिजणाऱ्या काही जमिनींत पांढरा थर दिसतो. तेथे खारवट आणि चोपण यांत गल्लत होते. खारवट जमिनीला निचरा आणि गोड्या पाण्याने धुणे हा उपाय आहे; जिप्सम सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीसाठी असते आणि त्याचे प्रमाण तपासणीवरूनच ठरवावे लागते. निचऱ्याची सोय नसताना जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

७. खत पिकलेले आहे का, हे तपासून मगच मिसळावे

ओळखीच्या गोठ्यातील खत चांगले असते, पण ते गायरीत किती दिवस होते, हे कोणी विचारत नाही. वरचे तीन-चार महिन्यांचे खत अर्धे कच्चे असते. तळाचे, काळपट, हलके खत मागून घ्यावे. कच्च्या खताने तीन गोष्टी होतात: ते मातीत कुजताना मुळांना उष्णता लागते, कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र स्वतःकडे ओढतात म्हणून रोपे पिवळी पडतात, आणि हुमणीच्या (मुळे खाणाऱ्या किडीच्या) अळ्या खताबरोबर परड्यात येतात. हुमणीचे भुंगेरे वळिवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बाहेर पडून कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि अशाच सेंद्रिय ढिगाऱ्यांजवळ अंडी घालतात. खत पसरताना पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या तर त्या वेचून काढाव्यात.

पिकलेपणाच्या दोन चाचण्या आहेत. ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन-तीन दिवस ठेवावे. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर खत तयार आहे, शेणाचा किंवा आंबूस वास आला तर नाही. दुसरी चाचणी मेथीची. एका कुंडीत निम्मे खत आणि निम्मी माती, दुसऱ्या कुंडीत नुसती माती घेऊन दोन्हींत वीस-वीस मेथीदाणे पेरावेत. पाच-सहा दिवसांत दोन्हीकडे सारखी उगवण झाली तर खत निर्धास्त वापरावे. खताच्या कुंडीत निम्मेच दाणे उगवले तर ते गायरीत परत जाऊ द्यावे.

पहिल्या वर्षी १०० चौरस फुटांना ४० किलो पिकलेले शेणखत द्यावे, पुढील वर्षांत २० ते २५ किलो पुरते. आपली बुट्टी भरून एकदा काट्यावर ठेवावी, म्हणजे दर वेळी वजन करावे लागत नाही. तांबड्या मातीत निम्मे आता आणि उरलेले लागवडीनंतर महिन्याने द्यावे. त्यासोबत एक किलो निंबोळी पेंड मिसळावी. मर रोगाचा अनुभव असेल तर १०० किलो खताला एक किलो या प्रमाणात ट्रायकोडर्मा मिसळून ढीग ओल्या गोणपाटाखाली सावलीत आठ-दहा दिवस ठेवावा आणि मग पसरावा. त्याबरोबर बुरशीनाशक देऊ नये, ते ही उपयोगी बुरशीही मारते.

खत वरच्या सहा इंचांतच मिसळावे. खोल पुरलेले खत हवेअभावी कुजत राहते. मुळा-गाजराच्या वाफ्यात मात्र ताजे खत घालूच नये, मागच्या पिकाला दिलेले खत त्यांना पुरते. नाहीतर गाजराला दोन-तीन फाटे फुटतात.

साखर कारखान्यांमुळे आपल्याकडे प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) सहज मिळते. ताजे प्रेसमड आतून तापते, म्हणून शेणाबरोबर थर लावून काही महिने कुजवल्याशिवाय ते वाफ्यात आणू नये. लाकडाचा भुसा मातीत मिसळू नये, तो दीर्घकाळ नत्र अडकवून ठेवतो.

तपासावे: खत मिसळल्यानंतर तीन-चार दिवसांनी वाफ्यात कोपरापर्यंत हात घालावा. आत उबदार लागले तर कुजण्याची क्रिया चालू आहे. लागवड पुढे ढकलावी.

८. पावसाप्रमाणे वाफा बांधावा

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात सपाट वाफा म्हणजे डबके. तेथे एक फूट उंच गादीवाफा करावा. बेळगाव शहराच्या आसपास सहा ते आठ इंच पुरतात. अथणी-रायबागकडे पाऊस कमी असल्याने उन्हाळी भाजीला उंच वाफा लवकर सुकतो, तेथे सरीत पाणी धरणारी रचना बरी. रुंदी साडेतीन फुटांपेक्षा अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवण्याची वेळ येत नाही. मधली वाट दीड फूट ठेवावी आणि तिला घराच्या विरुद्ध दिशेने थोडा उतार द्यावा. बांधून झालेल्या वाफ्यावर एकदा पाय पडला की पाचव्या टप्प्याची मेहनत त्या पावलाखाली संपते. घरातील मुलांनाही हे सांगून ठेवावे.

९. पहिले तण उगवू द्यावे

तयार वाफ्यावर लगेच पेरणी करू नये. पाणी देऊन किंवा एक पाऊस घेऊन दहा-बारा दिवस थांबावे. मातीत वर आलेले तणाचे बी एकदम उगवते. ते दोन पानांवर असताना खुरप्याने अगदी वरवर, अर्धा इंच खरवडून काढावे. खोल खुरपल्यास खालचे नवे बी वर येते आणि थांबणे वाया जाते. त्यानंतर वाफ्यावर दोन इंच पिंजर किंवा वाळलेले गवत पसरावे. उसाचे पाचट चालते, पण वाळवीचा त्रास असलेल्या जागी ते पातळ पसरावे आणि रोपांच्या बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे.

ज्यांना ऑक्टोबरमध्येच लागवड करायची आहे, त्यांनी पावसाळ्यात वाफा मोकळा न ठेवता जूनमध्ये ताग दाट पेरावा आणि चाळीस-पन्नास दिवसांनी, फुलोरा दिसू लागताच, कापून वाफसा पाहून मातीत दाबावा. निबर झालेल्या तागाचे खोड कडक होते आणि लवकर कुजत नाही. गाडल्यानंतर लागवडीपूर्वी किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत. काळ्या मातीच्या परड्यात पहिल्या वर्षी मी हाच मार्ग सुचवतो, कारण जून-जुलैच्या झडीत त्या मातीत वाफसा मिळणेच कठीण असते.

१०. लागवडीआधी शेवटची पाहणी

छत्रीची जुनी तार किंवा तेवढीच जाड सळई वाफ्यात एका हाताने दाबावी. ती एक फूट सहज गेली पाहिजे. मध्येच अडली तर तेथे ढेकूळ, वीट किंवा न फुटलेला थर आहे. एक खोरेभर माती काढून पाहावी: रंग एकसारखा, वास मातीचा, कण रव्याएवढे ते हरभऱ्याएवढे, आणि ओल असताना दोन-चार गांडुळे दिसली तर ठीक. एक तांब्या पाणी वाफ्यावर हळूच ओतावे; ते पृष्ठभागावर पसरून वाहू लागले तर वर पापडी आहे, ती खुरप्याने मोडावी.

रोपे आणण्याच्या आठवडाभर आधी वाफ्याच्या लांबीत मेथीची एक ओळ टाकून ठेवावी. ती सर्वत्र सारखी हिरवी उगवली तर रोपे आणावीत. एखाद्या हातभर भागात विरळ किंवा पिवळी दिसली तर त्या ठिकाणी खाली काय आहे ते उकरून पाहावे. कधी गिलाव्याचा तुकडा निघतो, कधी एकाच जागी सांडलेला चुना, कधी कच्च्या शेणाचा गोळा. तेवढा भाग काढून, चांगली माती भरून, बाकीच्या वाफ्यावर लागवड करावी आणि उगवलेली मेथी उपटून त्याच संध्याकाळी भाजीला घ्यावी.